बालाघाटावरच्या एका दुखण्याची बखर

कोणत्याही मुलखाचा इतिहास लिहावयास बसलेल्या माणसाच्या हाती प्रथम लागतात ते महसुलाचे कागद. बीड जिल्हा निजामाच्या अंमलाखाली असताना गोदाकाठच्या काळ्या जमिनीवर सारा किती बसे आणि बालाघाटाच्या माथ्यावरील बरड रानावर किती, मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती तेव्हा तिच्या दाणावैरणीची तरतूद कोठून होई, अशा बाबींचा मागोवा चिकाटीच्या संशोधकास घेता येतो. परंतु त्याच मुलखातील चार-पाच बाळंतपणे झालेल्या बाईस खोकल्याची उबळ आली, ती खळखळून हसली, किंवा पाण्याचा हंडा तिने डोईवर घेतला, की तिचे लुगडे नकळत ओले होते, ही गोष्ट कोणत्याही तहसिलीच्या शिरस्तेदाराने आपल्या बारनिशीत चढविली नसणार, कारण ती सांगावयास कोणी बाई कचेरीत गेली नसणार, आणि गेली असती तरी तेथील पुरुषांपुढे तिने तोंड उघडले नसते. प्रस्तुत निबंध या न सांगितलेल्या दुखण्याचा व त्यावरील शस्त्रक्रियेचा आहे. ही शस्त्रक्रिया जगात कशी घडत गेली, तिच्या शेजारची एक विद्या मुंबईच्या शल्यविशारदांनी कशी नावारूपास आणली, आणि एवढे होऊनही बालाघाट चढून वर आली ती निराळीच एक शस्त्रक्रिया कशी, हे सांगण्याचा हेतू आहे.

व्याधीचे स्वरूप आधी स्पष्ट केलेले बरे, कारण लघवी गळणे या एका तक्रारीखाली दोन-तीन भिन्न विकार दडलेले असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की उपचारही चुकतात. अडलेल्या बाळंतपणात मुलाचे डोके दीर्घकाळ दाबून राहिल्याने मूत्राशय व योनिमार्ग यांमधील पडदा कुजून तेथे छिद्र पडते, आणि मग रात्रंदिवस, उठता-बसता लघवी झिरपत राहते. ही दारुण अवस्था वेगळी. घाई लागल्यावर मोरीपर्यंत पोहोचण्याइतकाही अवधी न मिळणे, हाही विकार वेगळा. आपल्या विषयातील स्त्री एरवी कोरडी असते. खोकणे, शिंकणे, हसणे, ओझे उचलणे अशा क्षणी पोटातील दाब एकाएकी वाढला म्हणजेच तिची लघवी सुटते. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची व तंतूंची जी वीण असते तिच्यावर मूत्राशयाची मान आणि मूत्रमार्ग विसावलेले असतात, आणि वरून दाब आला की मूत्रमार्ग या आधारावर दाबला जाऊन आपोआप मिटतो. वारंवारच्या बाळंतपणांनी व ओझ्यांनी ही वीण, बाजेचे सुंभ ढिले पडावे, तशी सैल झाली, म्हणजे दाब येतो पण ज्यावर दाबावयाचे ते टणक उरत नाही, आणि मार्ग उघडा राहतो. हीच वीण आणखी खचली तर गर्भाशय खाली उतरतो. आपल्याकडील बाया त्यास ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. दोन्ही दुखणी पुष्कळदा एकाच देहात नांदतात, परंतु एकीचा उपाय तो दुसरीचा नव्हे, ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

प्राचीनांस या प्रदेशाचे ज्ञान नव्हते असे म्हणता येत नाही. सुश्रुतसंहितेत वीस योनिव्यापदांची गणना आहे आणि तींत आपल्या स्थानावरून ढळणारी प्रस्रंसिनी नावाची एक व्यापद् सांगितली आहे. तिच्यावरचा उपचार असा की तूप लावून, दुधाच्या वाफेने शेकून, खाली आलेला भाग आत सारावा आणि वेशवाराने, म्हणजे मसाला घालून कुटलेल्या मांसाच्या लगद्याने, झाकून वरून बंध बांधावा. म्हणजे आधार सुटला आहे, तेव्हा बाहेरून आधार द्यावा, हे तत्त्व त्या वैद्यांस पूर्णपणे अवगत होते. गावोगावच्या सुईणींचा व्यवहारही याच तत्त्वाच्या आश्रयाने चालत आला: बाळंतिणीचे पोट जुन्या लुगड्याच्या पट्ट्याने आवळून बांधणे, बाजेखाली शेगडी ठेवून शेक देणे, सव्वा महिना जड उचलू न देणे. यांतील शेवटच्या नियमाचे वैद्यकीय मोल पहिल्या दोहोंपेक्षा कितीतरी अधिक होते. पण तोच पाळणे सर्वांत महाग, कारण ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्या घरातील सुनेस सव्वा महिना कोण देणार?

आता राजधानीकडे पाहू. १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत क्लोरोफॉर्मच्या चौकशीसाठी दोन कमिशने बसली. रेसिडेन्सीचे शल्यवैद्य एडवर्ड लॉरी यांच्या आग्रहावरून निजाम सरकारने दुसऱ्या कमिशनचा खर्च सोसला, लंडनच्या ‘लॅन्सेट’ने लॉडर ब्रंटन यांस आपला प्रतिनिधी म्हणून पाठविले, आणि भुलेखाली मृत्यू येतो तो प्रथम हृदय थांबल्याने की श्वास थांबल्याने या प्रश्नावर जनावरांवर शेकडो प्रयोग झाले. लॉरी यांच्याच हाताखाली शिकलेल्या रूपाबाई फर्दुनजी भूल देण्याच्या कामात निष्णात म्हणून प्रसिद्धीस आल्या. जगातील पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. भूल आणि स्त्रीवैद्य, या दोन्ही गोष्टी ज्या शस्त्रक्रियेस अवश्य, त्या निजामाच्या राजधानीत एकोणिसाव्या शतकातच उपलब्ध होत्या. परंतु हैदराबाद ते बीड हे अंतर कोसांत मोजून भागत नाही. परळीस आगगाडी निजामाच्या काळातच आली; खुद्द बीड शहरात ती यावयास २०२५ साल उजाडावे लागले. पश्चिमेकडे मुंबईत स्त्रियांनीच चालविलेले कामा इस्पितळ १८८६ पासून सुरू होते, तरी मराठवाड्यातील रयतेस ते परक्या राज्यातले.

इकडे युरोप-अमेरिकेत या व्याधीवर शस्त्र चालविण्याचा उद्योग सुरू झाला तो मात्र त्या पहिल्या, छिद्राच्या, विकारापासून. अमेरिकेतील अलाबामा प्रांतात जेम्स मॅरियन सिम्स नावाच्या शल्यवैद्याने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर वारंवार शस्त्रक्रिया करून चांदीच्या तारेचे टाके घालून ते छिद्र बुजविण्याची रीत सिद्ध केली. अनार्का नावाच्या एका मुलीवर त्याने तीसच्या आसपास वेळा शस्त्र चालविले, तेही भुलेवाचून, आणि त्यांतील शेवटची काही वर्षे तर ईथरची भूल जगाला ठाऊक झालेली होती. सिम्सला पुढे न्यूयॉर्कात मोठी कीर्ती मिळाली, त्याचा पुतळा उभा राहिला आणि २०१८ साली तो आपल्या जागेवरून हलविण्यातही आला. स्त्रीरोगांच्या शल्यशास्त्राचा पाया ज्या देहांवर घातला गेला त्या देहांस नकार देण्याची मुभा नव्हती, हे विसरून या शास्त्राचा इतिहास लिहिणे मला तरी अप्रामाणिकपणाचे वाटते.

खोकल्यासरशी सुटणाऱ्या लघवीवर, म्हणजे जेथे छिद्र नाही, इजा दिसत नाही, केवळ आधार गेला आहे तेथे, पहिला सर्वमान्य उपाय बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळातील हॉवर्ड केली यांनी सांगितला. १९१४ साली त्यांनी डम या सहकाऱ्याबरोबर लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच मूत्राशयास उघड इजा नसताना होणारा हा विकार असा उल्लेख आहे. त्यांची रीत साधी होती: योनिमार्गातून जाऊन मूत्राशयाच्या मानेखालचे सैल झालेले ऊतक आडव्या टाक्यांनी चुणून घ्यावयाचे. ती सोपी असल्यामुळे जगभर पसरली आणि अर्धशतकभर टिकली. मात्र जे ऊतक मुळातच दुबळे झाले आहे त्यालाच चुणून बळकटी आणण्याचा हा प्रकार असल्याने काही वर्षांनी अनेकींचे दुखणे परत येई.

जर्मन शल्यविशारदांची दृष्टी निराळी. त्यांनी खालून चुणण्याऐवजी वरून टांगण्याचा विचार केला. गोबेल यांनी १९१० साली पोटाच्या एका लहान स्नायूची पट्टी मूत्रमार्गाखालून नेऊन तिची झोळी केली, फ्रँगेनहाइम यांनी १९१४ साली तीत पोटाच्या भिंतीवरील चिवट आवरणाची भर घातली, स्टोकेल यांनी १९१७ साली दोन्ही रीतींची सांगड घातली, आणि १९४२ साली अमेरिकेत आल्ड्रिज यांनी केवळ त्या आवरणाच्या दोन पट्ट्या वापरून ही क्रिया सुटसुटीत केली. रुग्णाच्या स्वतःच्या देहातील बळकट तंतूंची पट्टी काढून तिने दुबळ्या भागास आधार द्यावा, ही कल्पना इतकी मूलगामी ठरली की पुढील सर्व प्रगती तिच्याच आसपास फिरत राहिली. १९४९ साली मार्शल, मार्केटी व क्रँट्झ या तिघांनी मूत्राशयाची मान जघनास्थीच्या मागील बाजूस टाक्यांनी बांधण्याची रीत प्रसिद्ध केली; गमतीची गोष्ट ही की पुढे स्त्रियांवरील शस्त्रक्रिया म्हणून गाजलेल्या या रीतीचा पहिला रुग्ण पुरुष होता. १९६१ साली नॅशव्हिल येथील जॉन बर्च यांनी तेच टाके अस्थीच्या आवरणाऐवजी कूपरच्या बंधनीत घेतले, आणि बर्च यांची क्रिया पुढील तीस-पस्तीस वर्षे या व्याधीवरील प्रमाण शस्त्रक्रिया मानली गेली. मधल्या काळात १९४८ साली, म्हणजे हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले त्याच वर्षी, कॅलिफोर्नियातील आर्नल्ड केगेल यांनी शस्त्राचे नावही न काढता ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम सांगितला. स्वतः शल्यवैद्य असलेल्या मनुष्याने शस्त्रावाचून पुष्कळ स्त्रिया बऱ्या होतात असे सांगावे, याला एक प्रकारचे धैर्य लागते.

येथे आपण मुंबईत येऊ, कारण झोळीच्या या कल्पनेस आपल्याकडे जे रूप आले ते अभिमानाने सांगण्यासारखे आहे. १८९९ साली गोव्यातील शिरोडे येथे जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि पुढे तेथेच अध्यापक व जे. जे. रुग्णालयात मानद शल्यविशारद झालेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे नाव जगात गाजले ते गर्भाशयाच्या मुखाभोवती बंध घालून वारंवार होणारे गर्भपात थांबविण्याच्या क्रियेमुळे. १९५५ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. बंधासाठी त्यांनी मांडीच्या बाहेरील बाजूच्या चिवट आवरणाची पट्टी वापरली होती. परंतु शिरोडकरांची दुसरी एक कामगिरी सामान्य वाचकास फारशी ठाऊक नसते. आपल्याकडे लग्न लहान वयात, बाळंतपण लहान वयात आणि बाळंतपणानंतर विश्रांती नाही, यांमुळे वीस-पंचवीस वर्षांच्या मुलींचेही अंग बाहेर येते. कुणाकुणास तर मूलही झालेले नसते. पाश्चात्त्य पुस्तकांतील उपाय बहुतांशी प्रौढ, अपत्यांची हौस फिटलेल्या स्त्रीसाठी लिहिलेले, आणि त्यांत गर्भाशय काढून टाकण्यास फारसे कोणी कचरत नसे. शिरोडकरांनी गर्भाशय जागेवर ठेवून, मागच्या बाजूने पट्टीच्या झोळीने त्यास कण्याच्या तळाकडील आवरणाशी टांगण्याची क्रिया प्रचारात आणली, मुंबईतच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या आवरणाच्या पट्ट्या गर्भाशयाच्या मानेस पुढून जोडण्याची आपली रीत सांगितली, आणि ती आजही त्यांच्या नावाने पाठ्यपुस्तकांत आढळते. या दोघांच्या उद्योगाचा गाभा एकच: बाई तरुण आहे, तिला संसार करावयाचा आहे, तेव्हा जे ढळले आहे ते सावरावे, छेदून टाकू नये. लघवीच्या विकारावरील झोळी आणि गर्भाशयाची ही झोळी या सख्ख्या बहिणी होत. सामग्री तीच, तर्क तोच. मराठी मुलखाच्या राजधानीत धारणाची ही विद्या १९५०–६० च्या दशकात इतक्या उंचीवर पोहोचली होती की परदेशचे शल्यवैद्य ती पाहावयास येत. शिरोडकरांस १९६० साली पद्मभूषण आणि १९७१ साली, त्यांच्या निधनाच्या वर्षी, पद्मविभूषण मिळाले.

आणि बीड? १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, १९५६ साली मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आलेल्या या जिल्ह्यास मुंबई आता परकी राहिली नव्हती. १९७०–८० च्या दशकात अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. खेड्यापाड्यांसाठी म्हणून काढलेले आशिया खंडातील हे पहिले वैद्यकीय महाविद्यालय असे अभिमानाने सांगितले जाते, आणि जुन्या छावणीच्या गावी सैन्याऐवजी वैद्य तयार व्हावेत ही घटना कोणासही सुखावणारी आहे. पण त्याच सुमारास जिल्ह्याच्या अर्थकारणाने निराळे वळण घेतले होते. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला, त्यामागून पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली, आणि त्यांचा ऊस तोडावयास जी माणसे लागत ती बालाघाटाच्या कोरड्या माथ्यावरून, पाटोदा, आष्टी, शिरूर, वडवणी, धारूर, केज या भागांतून जाऊ लागली. १९७२ च्या दुष्काळाने या जाण्यास कायमचे रूप दिले. दसरा-दिवाळी झाली की गाव रिकामे होते आणि उन्हाळ्यात भरते. मुकादम उचल देतो ती जोडप्यास. नवरा-बायको मिळून हिशेबात एक कोयता. दोघांपैकी एकाने दिवस बुडविला तर खाडा पडतो आणि तो पैशांत वळता करून घेतला जातो. २०१९ च्या सुमारास दिवसास पाचशे रुपये हा दर अनेकांच्या तोंडी होता.

हिशेबाचे हे एकक, कोयता, आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. त्यातील स्त्री पहाटे तीन-चारला उठते, पालावर स्वयंपाक उरकते, दिवसभर वाकून उसाचे वाढे छाटते, मोळ्या बांधते आणि पंचवीस-तीस किलोंची मोळी डोईवर घेऊन शिडीने वा फळीवरून ट्रकवर चढते. ओटीपोटाच्या तळावर येणाऱ्या दाबाचा पाठ द्यावयाचा तर याहून नेमके उदाहरण कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयास सापडणार नाही. फडात मोरी नाही, आडोसा नाही, पाणी टँकरचे. म्हणून ती पाणी कमी पिते, लघवी दाबून धरते, पाळीच्या दिवसांत एकच फडके दिवसभर वापरते. बाळंतपण हंगामात आले तर ते पालावरच उरकते आणि काही दिवसांत मोळी पुन्हा डोईवर चढते. अशा स्त्रीस अंगावरून पांढरे जाणे, पोट दुखणे, अंग बाहेर येणे, लघवी सुटणे यांतील काहीही झाले तरी तिच्या बोलीत आणि तिच्या भोवतालच्या सर्वांच्या बोलीत त्याचे निदान एकच होते: पिशवी खराब झाली. आणि उपाय एकच: पिशवी काढणे.

हे केवळ बीडपुरते नव्हते, हेही सांगितले पाहिजे. १९८९ साली डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांच्या तपासणीचा वृत्तान्त छापला, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांत एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, आणि त्यापूर्वी अशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. याचा अर्थ खेड्यातील स्त्री दुखणे अंगावर काढीत होती, आणि तिच्या दुखण्याची वर्गवारी करणारे कोणी तिच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. जेथे वर्गवारी नाही तेथे सरसकट उपाय चालतो. बीडमध्ये त्यास दोन गोष्टी येऊन मिळाल्या: गल्लोगल्ली निघालेली खाजगी रुग्णालये आणि सोनोग्राफीच्या कागदावरील न समजणारी चित्रे. ‘गाठ आहे’, ‘पुढे कॅन्सर होईल’ या दोन वाक्यांनी तिशी-पस्तिशीच्या बाईस धाक बसे. दुसरीकडे बाईचाही स्वतःचा एक हिशेब होता: पाळी थांबेल, खाडे पडणार नाहीत, दर महिन्याच्या औषधापाण्याचा खर्च सुटेल. शहरातील लेखकांनी या हिशेबास अज्ञान म्हणून मोकळे होऊ नये. तिच्या परिस्थितीत तो अतिशय तर्कशुद्ध होता, आणि तो तसा ठरावा अशी परिस्थिती ज्यांनी निर्माण केली त्यांच्याकडे बोट गेले पाहिजे.

आकडे बाहेर आले ते उशिरा. २०१९ च्या उन्हाळ्यात वृत्तपत्रांतून बीडच्या काही गावांतील गर्भाशय काढलेल्या स्त्रियांची हकीगत झळकली आणि जूनमध्ये विधिमंडळात आरोग्यमंत्र्यांनी सांगितले की जिल्ह्यातील ९९ खाजगी रुग्णालयांत तीन वर्षांत ४,६०५ गर्भाशये काढण्यात आली. विधान परिषदेच्या उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिच्यापुढे आलेल्या पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे सहा जणींमागे सुमारे एक. २०१५–१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशभराचे प्रमाण शेकडा ३.२ होते. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीवाचून खाजगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करू नये असा दंडक जिल्ह्यात घातला गेला. हुकूम योग्य होता. परंतु हुकुमाने नको ती शस्त्रक्रिया फार तर अडते, हवा तो उपचार त्यामुळे मिळत नाही.

आणि मिळणे अगत्याचे आहे, कारण पिशवी काढल्याने लघवी सुटण्याचा विकार बरा होत नाही. उलट तो वाढण्याचा संभव असतो. २००७ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वीडनमधील तीस वर्षांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यात गर्भाशय काढलेल्या १,६५,२६० स्त्रियांची इतर ४,७९,५०६ स्त्रियांशी तुलना करता, पुढे खोकल्यासरशी सुटणाऱ्या लघवीवर शस्त्रक्रिया करवून घेण्याची पाळी पहिल्या गटावर दुपटीहून अधिक प्रमाणात आली होती. कारण उघड आहे: गर्भाशय काढताना ज्या बंधन्या कापाव्या लागतात त्याच तळाच्या आधाराचा भाग असतात. स्वीडनचा हिशेब बीडला जसाच्या तसा लावता येणार नाही, हे मान्य. पण ज्या स्वीडिश स्त्रिया शस्त्रक्रियेनंतर घरी विश्रांती घेत होत्या त्यांची ही गत, तर टाके वाळले न वाळले तोच मोळी उचलणाऱ्या बाईची काय असेल, याचा तर्क वाचकाने करावा. ज्या विद्येने मुंबईत गर्भाशय सावरला तिच्या नेमक्या उलट दिशेची क्रिया घाटावर रूढ झाली, आणि जी व्याधी आधी होती ती काही जणींत तशीच राहिली, काही जणींत नव्याने उद्भवली असणार.

दरम्यान जगातील शस्त्रक्रियाही बदलली होती. स्वीडनच्याच उप्साला येथील उल्फ उल्मस्टेन यांनी ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांच्यासमवेत १९९० मध्ये मांडलेल्या उपपत्तीवरून एक नवी झोळी तयार केली आणि १९९६ साली तिचा वृत्तान्त छापला. देहातील पट्टी काढण्याऐवजी पॉलिप्रॉपिलीनची जाळीदार फीत मूत्रमार्गाच्या मध्याखालून सैलसर सोडावयाची, तीही स्थानिक भुलेखाली. बाईस टेबलावरच खोकावयास सांगून फीत किती ताणावी ते ठरवावयाचे. २००१ साली फ्रान्सच्या देलोर्म यांनी ती फीत मांडीच्या बाजूने नेण्याची वाट सुचविली. क्रिया अर्ध्या-पाऊण तासाची, रुग्ण दुसऱ्या दिवशी घरी. बर्च यांची रीत मागे पडली. परंतु या यशावर स्वार होऊन अशाच जाळ्या, मोठ्या आकाराच्या, गर्भाशय व योनिमार्गाचे स्खलन सावरण्यासाठीही सरसकट बसविल्या जाऊ लागल्या, आणि काही वर्षांनी त्या ऊतकांत रुतणे, उघड्या पडणे, असह्य वेदना होणे अशा तक्रारींचा लोंढा आला. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ साली स्खलनासाठीच्या योनिमार्गी जाळ्यांची विक्री थांबविली. इंग्लंडात २०१८ पासून लघवीच्या फितीवरही स्थगिती आली आणि २०२० साली बॅरोनेस कंबरलेज यांच्या समितीने रुग्ण स्त्रियांचे म्हणणे वर्षानुवर्षे ऐकलेच गेले नाही असा ठपका ठेवला. परिणामी गोबेल-आल्ड्रिज यांची, देहाच्याच आवरणाची जुनी झोळी अनेक ठिकाणी पुन्हा सन्मानाने परतली आहे. नवी वस्तू उत्साहाने सर्वांवर लादण्याची खोड सुशिक्षित देशांसही चुकलेली नाही, एवढे समाधान बीडकरांनी मानण्यास हरकत नाही.

तथापि आजच्या प्रमाण वैद्यकानुसार या व्याधीवर पहिली पायरी शस्त्रक्रिया ही नव्हेच. इंग्लंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत आधी निदान तीन महिने जाणत्याच्या देखरेखीखाली केगेल यांचा व्यायाम करवावा, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी किमान आठ आवळण्या, असे सांगितले आहे; त्याने न भागल्यास शस्त्र. या व्यायामास खर्च नाही, जागा लागत नाही, आणि तो भाकरी थापताना किंवा निंदताना बसल्या जागी होतो. तीन महिन्यांची अट मात्र ऊसतोडीच्या हंगामात पाळली जाणे कठीण, कारण मोळीखाली ती वीण रोज नव्याने ताणली जाते. सुदैवाने आषाढ, श्रावण, भाद्रपद हे तीन महिने बालाघाटावरची बाई आपल्या गावी असते. आशाताईंस हा व्यायाम शिकविता येईल. ज्या स्त्रियांस त्याने उतार पडणार नाही त्यांची यादी अंबाजोगाईच्या महाविद्यालयाकडे पाठविता येईल. तेथील शल्यविभागाने शिरोडकर-पुरंदरे यांची सावरणारी क्रिया आणि देहाच्या आवरणाची झोळी यांचा सराव वाढवावा, आणि शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीस त्या वर्षीचा खाडा माफ करावा, किंवा त्याची भरपाई ऊसतोड कामगारांसाठी काढलेल्या महामंडळाने द्यावी. आणि हंगामापूर्वी जी आरोग्य तपासणी होते तीत पिशवी आहे की काढली एवढेच न विचारता, खोकताना वा मोळी उचलताना लघवी सुटते का, हा प्रश्न एखाद्या बाईनेच, आडोशाला नेऊन, प्रत्येक स्त्रीस विचारावा, अशी या जिल्ह्याच्या आरोग्य खात्यास माझी विनंती आहे.